थोडीफार आवड

माझ्या बायकोला खेळाची थोडीफार आवड आहे, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तिनेच तसं सांगितलं होतं. सांगलीजवळच्या तिच्या घरी कांदेपोहे झाल्यावर मोठ्या माणसांनी 'जरा बोलून घ्या' म्हणून आम्हाला गच्चीवर पिटाळलं. तिथे मी तिला दोनच प्रश्न विचारले. पुण्यात राहायला आवडेल का, हा पहिला. खेळाची आवड आहे का, हा दुसरा. दुसऱ्यावर ती "थोडीफार" म्हणाली. माझं समाधान झालं आणि उरलेली दहा मिनिटं मी तिला क्रिकेट समजावून सांगितलं.

तिच्या उजव्या कोपराला खरचटून धरलेली मोठी खपली होती आणि ती पदराखाली झाकायची तिची धडपड चालली होती, हेही मला आठवतं. मुलगी धांदरट असावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. त्याच कामासाठी आम्ही पुण्याहून न्युरेम्बर्गला आलो, इथेच मुलगी झाली, इथेच ती चौदा वर्षांची घोडी झाली. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका पकडतो आणि त्याचा मला गर्वही आहे. माझी स्वतःची एक चूक एकवीस वर्षं माझ्याच घरात वावरत होती, स्वयंपाक करत होती, मला डबा देत होती, आणि ती मला दिसली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात मुलीच्या शाळेतून एक कागद आला. आमच्या भागात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एक छोटा क्लब होता. त्यांना महिलांच्या संघात मुली हव्या होत्या आणि शनिवारी प्रोबेट्रेनिंग होतं, म्हणजे येऊन बघा, आवडलं तर राहा. मुलगी सतत मोबाइलमध्ये, म्हणून आम्ही तिला जवळजवळ ओढतच नेलं.

हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो खेळ वाटलाच नाही. बाजारात एकच पपई उरली आहे आणि ती सगळ्यांना हवी आहे, असं काहीसं ते दृश्य होतं. चेंडू लांबट. तो पायाने मारायचा, हवेत झेलायचा, बगलेत धरून पळायचा आणि सोबतिणीला द्यायचा तर एका तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून द्यायचा. फेकलात की फाऊल. टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून तो बाजूच्या बुटक्या खांबाकडच्या फटीतून गेला, तर शून्य नाही, एक गुण. हे ऐकून मी वैतागलो. हुकलेल्याला कसले गुण देता? खऱ्या खेळात अठरा जणी असतात म्हणे. जर्मनीत एवढी माणसं मिळत नाहीत, म्हणून नऊ.

वीस मिनिटांत मुलगी बाहेर आली. "काइन बॉक," ती म्हणाली. इच्छा नाही, विषय संपला. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्येच देते. मी गाडीची किल्ली काढली. तेवढ्यात चेंडू घरंगळत बाहेर आला आणि बायकोच्या पायाशी थांबला. तिने तो उचलला. तो परत घ्यायला एक उंचीपुरी मुलगी पळत आली, हात पुढे करून.

बायकोने तो द्यायचा होता. तेवढंच करायचं होतं. पण समोरून कुणीतरी हात पसरून धावत येतंय, हे बघून तिच्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. डावा खांदा डावीकडे झुकला, ती मुलगी त्या बाजूला वळली आणि बायको उजवीकडून निघून गेली होती. जीन्स, स्वेटर, खांद्याला पर्स. दुसरी मुलगी हसत आडवी आली. तिलाही हुलकावणी. तिसरी आता हसत नव्हती, ती मनापासून पकडायला आली. तिलाही. पर्स वाऱ्यावर उडत होती. मैदानावरचं सगळं थांबलं. माझ्या हातात किल्ली तशीच राहिली. घरी मी जिला गॅसवरचं दूध बघायला सांगतो ती बाई हीच का, एवढंच मला कळेना.

प्रशिक्षक म्हणजे एक जर्मन प्राथमिक शिक्षिका. तरुणपणी वर्षभर ऑस्ट्रेलियात राहिली होती आणि हा खेळ सोबत घेऊन आली होती. तिने बायकोला विचारलं, तू कुठे खेळलीस?

"शाळेत. कॉलेजात. खो-खो," बायको म्हणाली. तिची जर्मन कामचलाऊ आहे. मग तिला ते पुरेसं नम्र वाटलं नसावं, म्हणून तिने जोडलं, "थोडंफार."

त्या संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसून मोजे शिवत होती. "शनिवारी येशील का विचारत होत्या," ती म्हणाली. "जाऊ?" मी म्हटलं, जा की, व्यायाम होईल. किती उदार मनाचा नवरा!

पहिल्याच महिन्यात तिचा एक शब्द त्या संघाला लागला. सोबतिणीला चेंडू देताना तिच्या तोंडून आपोआप "खो!" निघायचं. बाकीच्यांना वाटलं, 'कॉम' म्हणजे 'ये' असं म्हणते आहे आणि शेवटचं अक्षर गिळते आहे. शिक्षिकाबाईंनी एकदा अर्थ विचारला. आमच्या खेळात रांगेत बसलेल्या गड्याच्या पाठीला मागून हात लावून खो म्हणायचं, मग तो उठून पळतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो, एवढं सगळं जर्मनमध्ये आणायचं होतं. बायकोने थोडा विचार केला. "दू लाउफ्स्ट, इख झित्झं," ती म्हणाली. तू पळ, मी बसते. 

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "गेनाऊ," अगदी बरोबर. तेव्हापासून न्युरेम्बर्गच्या कडेच्या त्या मैदानावर एक परिचारिका, एक बेकरीवाली, दोन विद्यार्थिनी आणि बसची ड्रायव्हर अशा सगळ्या जणी छातीच्या भात्यातून खोऽ ओरडायला लागल्या. मी कडेला थर्मास घेऊन उभा असायचो आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

पण त्या वर्षी संघ शेवटचा आला. बायकोचा उजवा गुडघाही सुजायला लागला. हिवाळ्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितले आणि सांगितलं, अजून एक मोसम फार तर, त्यानंतर पोहा. म्हणजे ताटलीतले नव्हे, तलावात.

"एक फायनल खेळायची आहे," दवाखान्यातून बाहेर पडताना बायको म्हणाली. "एकच. मग सोडते."

शेवटच्या नंबरचा संघ! मी हसलो. "मग तू साठीपर्यंत खेळशील," मी म्हटलं. ती हसली नाही. तिने गुडघ्याचा पट्टा पर्समध्ये ठेवला आणि बस बघायला लागली.

पुढच्या मोसमात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी त्याच्या फारच जवळ होतो. एप्रिलमध्ये गारा पडत असताना आम्ही ड्युसेलडॉर्फला गेलो आणि जिंकलो. मला वाटलं, हवामानाची कृपा. मग घरच्या मैदानावर जिंकलो. मग परत जिंकलो. आमच्या मुली फार ताकदवान नव्हत्या, पण चेंडू कुणाच्याच हातात राहायचा नाही. खो, खो, खो, अशी हाक मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायची आणि प्रतिस्पर्धी चेंडूमागे वळेपर्यंत चेंडू तिसरीकडे असायचा. शिक्षिकाबाईंनी सगळा डावच त्या शब्दाभोवती बांधला होता. आपल्याकडे शाळेच्या मैदानात मातीत बसून जे शिकवतात, ते हिरव्यागार गवतावर पळताना मी पाहत होतो. 

आणि तिचा सूर. खो-खोत गड्याला बाद करायला हात पसरून आडवं झोकून देतात त्याला सूर मारणं म्हणतात, हे मला शब्द म्हणून माहीत होतं. बघितलं त्या वर्षी. समोरची मुलगी लाथ मारायला पाय मागे नेते, चेंडू तिच्या हातातून सुटतो आणि त्याच क्षणी माझी बायको जमिनीला समांतर. त्रेचाळीस वर्षांची बाई. पाय सरळ, हात सरळ, वेणी मागे. चेंडू तिच्या तळहातांवर आपटून खाली पडतो, मग ती पडते, मग आवाज येतो. दर वेळी ती उठायची, गुडघ्याला हात लावायची आणि पळायची. मी देवळात फारसा जात नाही, पण हात जोडावेसे वाटणं म्हणजे काय, ते मला त्या मैदानाच्या कडेला समजलं.

माझाही त्या मोसमात सहभाग आहे, तो सांगतो, म्हणजे कुणी म्हणू नये की मी नुसता थर्मास धरला. घरच्या सामन्याला खांबांमागे उभं राहायला पंच कमी पडला. मला पांढरा कोट आणि दोन झेंडे दिले. सहा गुणांचा गोल झाला की दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे करायचं आणि मग झेंडे हलवायचे, असं पढवलं. पहिलाच गोल बायकोने मारला. सहा! माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले, क्रिकेटच्या पंचाचे जातात तसे. मुख्य पंच धावत आला. त्याला वाटलं, मला कुणी मारलं किंवा मी शरण आलो. तेव्हापासून माझी नेमणूक कायमची थर्मासवर झाली.

जूनमध्ये आई आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. सून चिखलात लोळते हे तिला फोनवरून माहीत होतं, पण फोनवर चिखल दिसत नाही. पहिल्या दिवशी तिने धुण्याच्या टोपलीतला तो टीशर्ट दोन बोटांनी उचलून बघितला. "अगं, या वयात?" ती म्हणाली. बायको म्हणाली, "आई, एवढा एकच मोसम." आईने मग तिला डाग घालवायला लिंबू लावायला शिकवलं.

उपांत्य सामन्याला मात्र ती आली. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, त्यावर माझं जॅकेट, पायात नातीचे बूट. घडीच्या खुर्चीत बसून तिने पहिला सूर पाहिला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. दुसरा पाहिल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला हे येतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आपल्याला." तिच्या आवाजात तक्रार होती, पण ती सुनेबद्दल नव्हती.

आम्ही जिंकलो. शेवटच्या नंबरचा संघ फायनलला. मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. शिक्षिकाबाईंनी बायकोचे दोन्ही दंड धरून विचारलं, याआधी कधी फायनल गाठली होतीस का? "एकदा. जवळजवळ," बायको जर्मनमध्ये म्हणाली.

परत येताना ती माझ्या शेजारी, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मागे मुलगी, आणि आई डोळे मिटून.

"जवळजवळ म्हणजे काय?" मी विचारलं.

"जवळजवळ म्हणजे जवळजवळ."

"हरलात?"

"टीम हरली. एका गुणाने. मी नव्हते."

"का?"

"घरी पाहुणे येणार होते."

"पाहुण्यांसाठी फायनल सोडलीस? कोण एवढे मोठे लागून गेले होते?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मक्याची शेतं मागे जात होती.

"तुम्ही," ती म्हणाली.

"पापा!" मागून मुलगी ओरडली. "एख्त येत्झ्ट?" म्हणजे खरंच का. मी आरशात तिच्याकडे बघितलं नाही. समोर स्टाऊ लागला होता, गाड्यांची रांग, आणि त्या दिवशी तरी मी त्या रांगेचा आभारी होतो, कारण मला समोर बघून गप्प बसायला कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिजवरच्या क्लबच्या वेळापत्रकात फायनलची तारीख बघितली. बघितली आणि पाचावर धारण बसली. आईचं परतीचं विमान त्याच शनिवारी दुपारी, फ्रँकफर्टहून. सामना त्याच शनिवारी दुपारी, बॉनजवळ. आईला एकटीने विमानतळ जमत नाही. मला जर्मन कागदपत्रं घेऊन सोबत जावं लागणार, आणि बायकोने सासूला निरोप न देता खेळायला जायचं, हे आमच्या घरात तिला कुणी कधीच म्हणू दिलं नसतं. तिने तसं म्हटलंच नसतं. तिने निमूटपणे बूट कपाटात ठेवले असते. त्याची मला खात्री होती, कारण आदल्या दिवशी मला कळलं होतं की तिने ते आधी एकदा केलेलं आहे.

आई चहा घेत होती. "तिकीट शनिवारचंच का काढलंस रे?" तिने विचारलं.

"रविवार मोकळा राहावा म्हणून."

"रविवारी काय आहे?"

मी फ्रिजवरचं वेळापत्रक सरळ करत राहिलो.

"मॅच असेल," आई म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "काल गाडीत मी जागी होते. ऐक. तुला आठवत नसेल, मला आठवलं. हिच्या वडिलांचा तेव्हा फोन आला होता. म्हणाले, शनिवारऐवजी रविवारी आलात तर बरं, मुलीचा कसला सामना आहे. मी तुला विचारलं. तू म्हणालास, रविवारी भारताची मॅच आहे, शनिवारीच उरकू. आणि मी त्यांना तसं कळवलं." तिने कप पुढे सरकवला. "मलाही वाटलं, मुलीचा सामना म्हणजे काय असणार? लंगडीबिंगडी."

आपल्याकडे खो देणं आणि खो घालणं यात एकाच क्रियापदाचा फरक आहे. खो दिला की पुढचा पळतो, खो घातला की सगळं अडतं. मी तिच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका फायनलला खो घातला होता, टीव्हीवरच्या एका मॅचसाठी, जी कोण जिंकलं हेदेखील मला आज आठवत नाही. आणि आता दुसऱ्यांदा, अगदी तस्साच, तोच शनिवार आणि तोच रविवार. मला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज, जिला काहीही कारण पुढे करता येत नाही.

"तिकीट बदल," आई म्हणाली. "व्हिसा रविवारपर्यंत आहे ना? रविवारी जाईन. मी हिचा खेळ बघून जाणार. आणि हिला सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ."

तिकीट बदललं. सांगायचं मात्र राहिलं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज ती गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढ-उतार करताना दिसायची. खेळापूर्वी हे ओझं तिच्यावर नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला धीर होत नव्हता.

शुक्रवारी आम्ही बॉनकडे गेलो आणि दोन खोल्यांच्या एका फेरिएनवोनुंगमध्ये, म्हणजे सुट्टीपुरत्या भाड्याच्या घरात, उतरलो. शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि पोहे भिजवले. संघातल्या सगळ्यांसाठी. मोठं पातेलं, दोन किलो कांदे, सगळं न्युरेम्बर्गहून नेलं होतं. आयुष्यात मी एवढे पोहे कधी केले नव्हते, खरं सांगायचं तर दोन माणसांचेही केले नव्हते. आई खुर्चीवर बसून बघत होती. "मी हात लावणार नाही," तिने जाहीर केलं. "त्या दिवशी तिने केले होते. आज तू कर." माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कांद्याची सोय असल्यामुळे ते कुणाला सांगावं लागलं नाही. बायको आंघोळ करून आली, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वेणी घालायला गेली.

दोन फुटबॉल मैदानं जोडून दोरीने आखलेला मोठा लंबगोल. चार-चार पांढरे खांब, बुडाशी वाळूच्या पिशव्या. बघायला शंभरेक माणसं असतील. समोरचा संघ वर्षानुवर्षं जिंकत आलेला. त्यांच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच. नऊ जणी मैदानात उतरल्या आणि मला तेव्हा कुठे सुचलं, की खो-खोतही मैदानात नऊच असतात. एकवीस वर्षं उशिरा, तेवढ्याच जणी. 

चार पाळ्यांचा खेळ. पहिल्या दोन पाळ्यांत आम्ही मागे. तिसरीत हाका सुरू झाल्या. खो, खो, आणि चेंडू जाळ्यातून सुटल्यासारखा निघाला. बायकोच्या वाट्याला तो आला की ती एकदाही मागे वळायची नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, तिच्या पायांना ते माहीत. पुढे, तिरकी, पुढे. उंच मुली तिच्या दोन्ही बाजूंनी घसरत होत्या. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या जर्मन माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाहनझिन," तो स्वतःशीच म्हणाला, म्हणजे अफाट. मला त्याला सांगावंसं वाटलं, की हो, ही माझी बायको, आणि तितकंच सांगू नये असंही वाटलं.

शेवटचं मिनिट. आम्ही चार गुणांनी पुढे. चेंडू त्यांच्या दोन वेण्यांच्या मुलीकडे, खांबांपासून वीस पावलांवर, समोर कुणी नाही. सहा मिळाले की संपलं. बायको बाजूला होती, खूप लांब. ती निघाली. 

"पळ, आई!" माझ्या शेजारी कुणीतरी किंचाळलं. "पळ, पळ, पळ!" ती माझी मुलगी होती, आणि ते मराठी होतं.

पाय मागे गेला. चेंडू सुटला. बायकोने सूर मारला. ती एवढी लांब होती की ते शक्यच नव्हतं, आणि मी ते होताना पाहिलं. हवेत पूर्ण ताणलेलं शरीर, आणि बोटांच्या अगदी टोकाशी चेंडू. तो थांबला नाही. उंच खांबांच्या बरोबर मधून गेला. त्यांची माणसं ओरडायला लागली. ती खाली आपटली आणि पडल्या पडल्या तिने उजवा हात वर केला. मधलं बोट वाकडं झालेलं.

चेंडूला कुणाचा हात लागला असेल तर सहा नाहीत, एकच गुण. पंचाला दिसलं नव्हतं, तो उलट्या बाजूला होता. त्याने दोन वेण्यांच्या त्या मुलीकडे बघितलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. जेमतेम विशीची. ती काहीही म्हणू शकली असती.

"या," ती म्हणाली. "झी वार द्रान." हो, तिचा हात लागला होता.

एक गुण. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. ती मुलगी चालत बायकोजवळ गेली, तिला हाताला धरून उठवलं, आणि मग स्वतः गवतावर बसून रडली. त्या दोघींपैकी कोण जास्त मोठं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी जागच्या जागी उभा होतो आणि माझे दोन्ही हात डोक्यावर होते. आई म्हणाली, "हुकलेल्यालाही एक गुण देतात ना, तो नियम बरा आहे." 

करंडक झाला, फोटो झाले, मुलीने 'मी मराठीत ओरडलेच नाही' हे जर्मनमध्ये सांगून झालं. मी आईच्या शेजारी गवतावर पातेलं घेऊन बसलो होतो. बायको आली. बोटांना पट्टी, केसांत गवत, कोपराला खरचटलेलं, तिथेच, उजव्या. या वेळी ते झाकायला पदर नव्हता. मी तिला पोहे वाढून दिले. तिने उभ्यानेच खाल्ले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"ऐक," मी म्हटलं. "त्या शनिवारचं. तुझ्या वडिलांनी रविवारी या म्हणून सांगितलं होतं. मीच नाही म्हटलं. रविवारी मॅच होती."

"माहितीये."

"आईने सांगितलं?"

"तुम्हीच. गच्चीवर. मी विचारलं होतं, उद्या का नाही आलात? तुम्ही म्हणालात, उद्या मॅच आहे." तिने एक घास घेतला. "आणि मग लगेच विचारलंत, खेळाची आवड आहे का. मी काय सांगणार होते? तिकडे माझी टीम मैदानात उतरत होती. थोडीफार म्हटलं."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. "मग एकवीस वर्षांत बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही पुढे काही विचारलंच नाहीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. मी खाली पातेल्याकडे बघत बसलो.

तिने रिकामी बशी माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या मागे गेली. मग दोन खांद्यांच्या मधोमध माझ्या पाठीवर तिचा हात पडला, सपाट आणि जोरात.

"खो," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. "म्हणजे आता काय करू?"

"खो मिळाला की उठायचं. आईंना चहा हवाय, मुलींना पोहे. मी बसते."

मी उठलो. ती माझ्या जागेवर आईला टेकून बसली आणि एका हाताने बुटाची नाडी सोडायला लागली. मी पातेलं उचललं आणि पळालो.